तिरक्या खांद्याचे कोट

कोट परत आले ते भर सकाळी, हातगाडीवर लादून, सगळ्या गल्लीच्या देखत. जाताना हेच कोट लष्कराच्या मोटारीतून ऐटीत गेले होते आणि मास्तरीणबाईंनी मोटार दिसेनाशी होईपर्यंत, मुलगी सासरी धाडल्यासारखे डोळे पुसले होते. आता ती मुलगी सामानसुमानासकट दारात उभी होती.

"काय हो मास्तरीणबाई," समोरची पाववाली बाई दुकानाच्या पायरीवरून ओरडली, "लढाई संपली की काय?"

"आत्ता कुठे सुरू होतेय," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी हातगाडी, कोट आणि गाडीमागून आलेला तपासनीस, सगळ्यांना आत ओढून दार लावून घेतलं.

आत कामाची खोली. खिडकीला विमानांच्या भीतीनं चिकटवलेला काळा कागद, दिवसापुरता गुंडाळून वर बांधलेला. भिंतीला लागून लष्करी खात्यानं दिलेली शिलाई मशीनं, मधोमध बेतायचं लांबलचक टेबल, आणि कोपऱ्यात कोट चढवून बघायचं लाकडी धड. या धडाला घरात 'जावई' म्हणत. घरातल्या एकुलत्या एक मुलीचं लग्न जमत नव्हतं आणि हा एवढा एकच कधी नाही म्हणाला नव्हता. मुलीचं नाव काहीही असो, सडसडीत बांधा आणि दिवसभर फिरणारी जीभ यांमुळे गल्ली तिला मशीनमधल्या फिरत्या रिळावरून बॉबिन म्हणे.

तपासनीस तरुण होता. छातीनं अरुंद, पायानं किंचित लंगडा, म्हणून लढाईऐवजी लष्कराच्या कपडेखात्यात. कुठल्याही शिवणीकडे पाहून "अर्धा इंच" म्हणायची त्याला सवय होती, म्हणून बॉबिननं त्याचं नाव अर्धा इंच ठेवलं होतं. त्यानं वरचा कोट उचलला, स्वतःच्या अंगात घातला आणि सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिला.

"बघा."

सगळ्यांनी बघितलं. तपासनिसाचा डावा खांदा चांगला बोटभर खाली उतरला होता. जणू त्या खांद्यावर कापडाचा एक अदृश्य तागा होता.

"अगं बाई!" बॉबिनच्या तोंडून निघून गेलं. "दादा!"

धाकटीनं, म्हणजे घरातल्या धाकट्या सुनेनं, टेबलाची कड धरली. लहानपणापासून डाव्या खांद्यावरून तागे वाहून वाहून जो खांदा तसाच राहिला, ज्यावरून गल्ली त्याला तराजू म्हणायची, तो खांदा, ती पाठ, मान वळवायच्या आधी थबकायची ती लकब. थंडी पडल्यापासून आघाडीवरून नवऱ्याचं एक कार्ड आलं नव्हतं. 'मी खुशाल आहे' असं छापलेलं कार्ड, खाली नुसती सही. पण तेही नाही. आणि तो इथे उभा होता, पाठमोरा, तिच्या कामाच्या खोलीत.

मग तपासनीस वळला आणि पुन्हा तपासनीसच झाला.

"एखादा कोट असता तर म्हटलं असतं चूक झाली," तो म्हणाला. "पण गठ्ठेच्या गठ्ठे! अहो, पलटण कवायतीला उभी राहिली तर मोठ्या साहेबांना वाटलं मैदानच उतरतं आहे. त्यांनी पलटण दुसऱ्या मैदानात नेली. तिथेही तेच. शेवटी साहेबांनी स्वतःचे डोळे तपासून घेतले!"

"चष्मा लागला का?" बॉबिननं विचारलं.

"लागला," तपासनीस दुःखानं म्हणाला. "जे वाटले गेले ते गेले. हे उरलेले सरळ करून ठेवा. शनिवारी येईन. नव्यानं बेतलेला एक नमुना कोट दाखवा. पसंत पडला तर काम तुमचं. नाही तर मशीनं खात्याची आहेत, ती खातं परत नेईल. एवढं अर्ध्या इंचाचं काम..."

"बोटभर आहे," बॉबिन म्हणाली. "तुमचं आपलं सगळंच अर्धं."

तो गेला. दार लागताच मास्तरीणबाई धाकटीकडे वळल्या. बेतण्याची कात्री या लढाईत धाकटीच्या हाती होती.

"खात्यानं बेतायला पुठ्ठ्याचे फर्मे दिलेत ना? लहान, मध्यम, मोठा? मग हा चौथा कुठून काढलास?"

"फर्म्यानंच बेतते, आई," धाकटी म्हणाली. "फक्त खांद्याशी आलं की तो पुठ्ठा मुका वाटतो. तिथे हात आपला आपण जातो."

हात कुठे जातो ते या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तर म्हणजे बाईंचे शिंपी नवरे; त्यांच्या आईनं घालून दिलेली ती रीतच होती: या घरात बेतणं शिकायचं ते नवऱ्याच्या अंगावर. नव्या सुनेच्या हाती खडू द्यायचा, कात्री द्यायची आणि नवरा द्यायचा. कोट अंगाबरोबर बसेपर्यंत तिनं उसवायचं, बेतायचं, पुन्हा उसवायचं. तोवर खांदा कुठे संपतो आणि बाही कुठे सुरू होते हे बोटांना पाठ झालेलं असायचं. धाकटीला तर त्या एका कोटाला इतका वेळ लागला होता की सासूला वाटलं सून मंद आहे. सून मंद नव्हती. माप घेणं तिला संपवायचंच नव्हतं.

शांततेच्या दिवसांत गिऱ्हाईक समोर उभं असे, टेप असे, हात ताळ्यावर येई. आता समोर कुणीच नव्हतं. नुसतं कापड होतं, मैलोन्‌मैल.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," थोरली जाऊ म्हणाली, "कात्री माझ्याकडे द्या. मन थाऱ्यावर असलेल्या माणसाचं काम आहे ते."

"घे," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्या क्षणी सासू आणि थोरली एका बाजूला झाल्या आणि धाकटी एकटी पडली. तिच्याकडून कात्री काढून घेतली गेली आणि हातात उसवायची सुई आली.

थोरलीनं नमुना कोट बेतला. ओठ मिटून, कुणाकडे न बघता, मोठ्या तोऱ्यात. संध्याकाळी तो जावयाला चढवला. खांदे सरळ होते, गळा छान होता. बाह्या मात्र सुटल्या त्या खाली, आणखी खाली, धड संपलं तरी चालूच.

"मोठी वहिनी," बॉबिन म्हणाली, "हा कोट घालून शिपायानं बुटाची नाडी उभ्यानंच बांधायची का?"

थोरलीचा नवरा जखमींची गाडी चालवायचा. त्याचे हात इतके लांब की, गल्लीत सांगत, तो मागच्या बाकावर बसून गाडी हाकतो. थोरलीनं एक बाही उचलली, तिच्या टोकाकडे पाहिलं आणि पदरानं नाक पुसत म्हणाली, "कापड आटेल म्हणून जरा जास्त ठेवलंय." मग कात्री टेबलावर ठेवून ती धाकटीशेजारी येऊन बसली आणि खांदे उसवू लागली. आता या दोघी एकीकडे झाल्या.

"व्हा बाजूला," मास्तरीणबाई गरजल्या. "तुमचा जन्म नव्हता झाला तेव्हापासून बेततेय मी. नवरे सगळ्यांना असतात, पण म्हणून कुणी कापडावर लोळवत नाही!"

दुसऱ्या दिवशी त्यांचा कोट जावयावर चढला. खांदे सरळ, बाह्या बेताच्या. आणि पुढून असं भलंमोठं गोल पोट, की बटणं लावल्यावर आत दुसरा जावई मावला असता.

दोघी सुना तोंडात कापडाचे बोळे कोंबून जिन्यात पळाल्या आणि एकमेकींच्या गळ्यात पडून हसल्या. बॉबिन तर मशीनखाली शिरली. तेवढ्यात त्यांना जाणवलं की खोलीतून ओरडायचा आवाज येत नाहीये. त्यांनी दारातून डोकावलं. मास्तरीणबाई जावयासमोर उभ्या होत्या. मास्तर लढाईच्या खूप आधी गेले होते. बाईंनी त्या रिकाम्या पोटावर तळवा ठेवला होता. कापड दबलं, मग हळूच पुन्हा फुगलं.

"यांच्या कोटाला कापड कधी पुरलंच नाही," त्या म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. कोट तसाच राहिला जावयाच्या अंगावर, दिवसभर.

मग उरली बॉबिन.

"ही काय बेतणार?" थोरली म्हणाली. "हिला शिकवलंच नाहीये."

"तेच बरं आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "हिच्या बोटांत कुणी नाही. फर्मा सांगेल तसं बेतेल."

बॉबिननं कात्री घेतली आणि, काय आश्चर्य, गप्प झाली.

इकडे धाकटी खांदे सरळ करत होती. शिवण उसवायची, डावीकडचा उतार काढायचा, फर्म्याबरहुकूम नवी रेघ, धावदोरा, मशीन, पुढचा कोट. पलीकडे मास्तरीणबाई कोळशाच्या इस्त्रीनं एकेक कोट असा काही दाबत होत्या की जणू शत्रूच खाली आहे. या घरातून सुरकुती घेऊन कापड कधी बाहेर पडलं नव्हतं. ढीग उतरत चालला तशी धाकटी सावकाश होत गेली.

"आई," तिनं न राहवून विचारलं, "एक राहू दे का?"

"कशाला?"

धाकटीनं दोरा दातानं तोडला. "चेहरा आठवत नाही हो मला. काल आठवायला बसले तर कपाळ आठवलं, मग हनुवटी, पण मधलं काही येईचना. खांदा तेवढा हातात आहे. हे सगळे सरळ केले की हात पण विसरेल."

मास्तरीणबाईंची इस्त्री थांबली नाही. "सरकारी माल आहे. मोजून दिलाय, मोजून घेतील. आणि हात विसरत नाही. पोट बघितलंस ना?"

धाकटीनं पुढचा कोट ओढला. पण ढिगाच्या तळचा कोट तिनं मोठ्या कात्रीच्या पेटीखाली सरकवला. सासूनं ते पाहिलं. पाहून तिनं इस्त्रीत फुंकर मारली, एवढी मोठी की राख उडून स्वतःच्याच डोळ्यांत गेली.

शनिवारी तपासनीस आला. बॉबिनचा कोट जावयावर होता आणि तिघीजणी त्याच्याकडे पाहून आतल्या आत सुन्न झाल्या होत्या. छातीत अरुंद, आणि गळा असा पुढे झुकलेला, जणू कुणी वाकून टाके मोजतंय.

"हा कुणाचा?" थोरलीनं हळूच विचारलं.

"कुणाचा नाही," बॉबिन म्हणाली. "पुठ्ठ्याचा."

तपासनिसानं स्वतःचा कोट काढला आणि जावयाच्या अंगावरचा घातला; उघड्या पडलेल्या जावयाला मास्तरीणबाईंनी पुन्हा मास्तरांच्या पोटाचा कोट चढवला. आणि तिघींच्या डोक्यात एकदमच उजेड पडला. तो कोट त्याच्या अंगाबरोबर असा बसला की जणू तो त्यातच जन्मला होता. छाती बरोबर. पुढे झुकलेल्या मानेला गळा बरोबर. एवढंच काय, त्याच्या टेपनं सदा फुगलेल्या उजव्या खिशाला जरासा सैलपणाही होता. त्यानं आरशात पाहिलं, वळला, पुन्हा पाहिलं. त्याच्या अंगाला आजवर काहीच असं बसलं नव्हतं हे त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

"हे..." तो म्हणाला. "हे अगदी सरकारी माप आहे."

"असं का?" थोरली म्हणाली. "सरकारचीही मान पुढेच आहे वाटतं?"

तपासनिसाचे कान लाल झाले. बॉबिन जमिनीवरच्या टाचण्या वेचू लागली. जमिनीवर एकही टाचणी नव्हती.

"अर्ध्या इंचाचीही चूक नाही," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "काम तुमचं. मशीनं राहतील. सरळ केलेले कोट मोजून घेतो आणि..."

तेवढ्यात बुटांचा आवाज आला. आधी खिडकीची तावदानं थरथरली, मग टेबलावरची कात्री. पलटण स्टेशनाकडे निघाली होती. पाववाली दुकानाबाहेर आली, गल्लीच्या सगळ्या खिडक्यांत डोकी आली. टोप्या कपाळावर, गळपट्टे नाकापर्यंत; चेहरे ओळखायची सोयच नव्हती. पण रांगा खिडकीवरून पुढे सरकल्या, त्यांच्या पाठी दिसू लागल्या आणि धाकटी खिडकीला जाऊन चिकटली.

'जे वाटले गेले' ते हे. तिचे कोट. रस्ताभर, चौकाच्या वळणापर्यंत डावे खांदे उतरले होते. तो चालला होता, त्याच्या शेजारी तो चालला होता, त्याच्या मागे तो. तिचा जीव एकेका पाठीवर उडी घेई आणि तिथून परत येई. इतके दिवस जो एक दिसत नव्हता तो अख्खा रस्ता भरून निघाला होता, आणि त्यातला कुठलाच तिचा नव्हता.

मग तिला एक पाठ दिसली. त्या पाठीवरचा कोट वाईट बसला होता. दुसऱ्याच कुठल्या तरी कारखान्यातला, सरळ खांद्यांचा, फर्म्याबरहुकूम. आणि डाव्या खांद्यापासून पार कण्यापर्यंत एक तिरपी सुरकुती पडली होती, खुंटीवर टांगलेल्या पोत्यासारखी. एवढ्या पलटणीत तेवढाच एक कोट चुकला होता. म्हणजे माणूस बरोबर होता.

तिनं पेटीखालचा कोट ओढला आणि धावत सुटली.

"अहो!" ती रांगेच्या बाजूनं पळत म्हणाली.

गळपट्ट्यावरचे डोळे वळले, विस्फारले, पुन्हा समोर गेले. "रांगेत बोलायला मनाई आहे."

"मग बोलू नका. कोट काढा."

"भर रस्त्यात?"

"कुणी शिवलाय हा? खांद्यात कापूस कोंबलाय की काय? काढा म्हणते ना!"

"ओ बाई!" हवालदार मागून ओरडला. "रांगेपासून लांब!"

"दुरुस्तीचं काम आहे!" धाकटी ओरडली. "सरकारी!" हवालदाराचा स्वतःचा खांदाही तिरका होता आणि त्याला कित्येक दिवस त्याचं कोडं पडलं होतं, म्हणून तो स्वतःचा खांदा चाचपत मागे राहिला.

नवऱ्यानं बंदूक तिच्या हाती दिली. पाववालीच्या दुकानापासून चांभाराच्या दुकानापर्यंत ती बंदूक खांद्यावर घेऊन पलटणीबरोबर चालली, आणि पाववाली पुढे आयुष्यभर सांगे की त्या दिवशी बाई एकदाही पाऊल चुकली नाही. त्यानं एक कोट काढला, दुसरा चढवला. डावा खांदा आपल्या जागी जाऊन बसला, घरी आल्यासारखा.

"कार्डं मिळाली?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मी पाठवली होती."

"येतील मग."

"आघाडीवरून आणून या पलटणीत घातलं, पण छावणीबाहेर सोडेनात," तो म्हणाला आणि त्यानं गळ्याचं बटण लावलं. "हा माझ्या मापाचा कसा?"

"सगळेच तुमच्या मापाचे आहेत," ती म्हणाली. "समोर बघा."

त्यानं समोर बघितलं. रांगेमागून रांग. मग त्याचे खांदे हलू लागले. तो हसत होता की काय ते गळपट्ट्यामुळे कळेना. "तरीच!" तो म्हणाला. "मला वाटायचं माझंच डोकं फिरलंय. जिकडे बघावं तिकडे मीच! आणि माझा कोट तेवढा..." मग हलक्या आवाजात, "एवढी वाट बघतेस?"

तिला उत्तर द्यायचं होतं. पण स्टेशनाचं फाटक आलं, तिनं बंदूक दिली, त्यानं तिची बोटं बंदुकीसकट क्षणभर दाबून धरली आणि पहारेकऱ्यानं दोघांच्या मधे हात घातला.

तो आत गेला. ती फाटकाच्या गजांना धरून त्याच्या पाठीवर डोळे लावून राहिली. डावीकडून तिसरा. मग रांग वळली, दुसऱ्या रांगेत मिसळली आणि ती दचकली. आता त्याचाही कोट बरोबर होता. सगळेच खांदे सारखे. कुठला तिचा, हे तिच्या स्वतःच्या हातांनाही सांगता आलं नसतं. मग तिनं हात वर केला आणि सगळ्या पाठींना मिळून हलवला, शेवटचा खांदा डब्यात चढेपर्यंत. आतून एका खिडकीतून एक हात हलला. मग शेजारच्या खिडकीतून. मग सगळ्याच खिडक्यांतून.

ती परत आली तेव्हा तिच्या हातावर तो सरळ खांद्यांचा कोट होता. अजून ऊबदार.

सगळ्यांनी खिडकीतून पाहिलं होतं. थोरलीनं तिला बसायला स्टूल सरकवलं. बॉबिन तपासनिसाकडे बघत होती आणि तपासनीस त्या कोटाकडे.

"मोजणीत एक कमी आहे," तो म्हणाला. "त्याच्या बदली हा मला..." त्यानं कोट हातात घेतला, उलटला, डाव्या खांद्याची सुरकुती पाहिली. मान आणखी पुढे झुकली. बराच वेळ झुकली. "नापास," तो शेवटी म्हणाला. "खांद्यात चुकलाय. खात्याला असला माल घेता येत नाही. ठेवून घ्या."

"कितीनं चुकलाय?" बॉबिननं मऊ आवाजात विचारलं.

"अर्धा इंच," तपासनीस म्हणाला, आणि दोघांनीही एकाच वेळी खाली बघितलं. टाचण्या नव्हत्याच.

मास्तरीणबाईंनी कोट सवयीनं टेबलावर पसरला. इस्त्री तापलेली होती, निखारे लाल. त्यांनी बोटाला पाणी लावून ती पारखली, चर्र आवाज झाला. इस्त्री उचलली, डाव्या खांद्यावर आणली, आणि तिथेच धरून ठेवली. खांद्यापासून कण्यापर्यंत ती तिरपी सुरकुती, खोल, दिवसेंदिवस घातलेली, अजून ऊब असलेली.

त्यांनी इस्त्री परत घोडीवर ठेवली.

"हा असाच राहू दे," त्या धाकटीला म्हणाल्या. "जावयाच्या अंगात घाल. मास्तरांचा काढ, त्यांना आता पुष्कळ झालं."

धाकटीनं कोट जावयाला चढवला. त्या दिवशी, घराच्या इतिहासात पहिल्यांदाच, इस्त्री संध्याकाळपर्यंत नुसती तापत राहिली.